मपली म्हणायचं नाही

लग्नकार्यात आमची ओळख अशी करून दिली जायची : हे शाळेत असतात आणि ह्या रिमांडमध्ये. नवरा शाळेत म्हटल्यावर लोक "कोणत्या शाळेत?" म्हणून विचारायचे. मी रिमांडमध्ये म्हटल्यावर कुणी काही विचारायचं नाही. शेजारची बाई फक्त आपली पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घ्यायची. एकदा उमरीला, माझ्या माहेरी, एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी धीर करून विचारलं, "मग सुटलात कधी?" मी म्हटलं, "अजून कुठं, पेन्शनीला अवकाश आहे." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आता सुटून बरीच वर्षं झाली आहेत. नांदेडला घर आहे, नातवंडं आहेत आणि घरात कुणाचं मूल कुणी सांभाळायचं यावर रोज सुनावणी असते. तेव्हा मोकळेपणानं लिहायला हरकत नाही.

मी परिविक्षा अधिकारी होते. हा शब्द पहिल्या झटक्यात बरोबर उच्चारणारा माणूस मला भेटला नाही, त्यात माझे वरिष्ठही आले. काम मात्र सांगायला सोपं. एखादं मूल रस्त्यावर एकटं सापडलं, किंवा घरात त्याचे हाल होतात अशी तक्रार आली, की पोलीस त्याला निरीक्षणगृहात आणतात. त्यालाच लोक रिमांड होम म्हणतात. मग ते मूल बाल न्यायालयापुढे उभं राहतं आणि न्यायालय ठरवतं, याला घरी पाठवायचं की सरकारनं सांभाळायचं. न्यायाधीशांना खुर्ची सोडून घर बघायला जाता येत नाही. म्हणून ते मला पाठवत. मी जायचं, बघायचं, आणि बघितलेलं त्यांच्या टेबलावर आणून ठेवायचं.

लोकांची समजूत अशी की न्यायालय वाईट आईबापांची मुलं काढून घेतं. वाईट आईबाप थोडे असतात आणि त्यांचा निकाल सोपा असतो. रात्रीची झोप उडते ती चांगल्या आईबापांमुळे. मूल हवं आहे पण खायला घालता येत नाही, असं म्हणणाऱ्या बाईला काय म्हणायचं? गरिबी म्हणजे हयगय नव्हे, हे आम्हाला शिकवलेलं होतं. पण समोर काडीसारखे हातपाय घेऊन मूल उभं असलं की शिकवलेलं आठवायला वेळ लागतो.

माझी बदली लातूरला झाली तेव्हा तो जिल्हा नवाच होता. नवा जिल्हा म्हणजे पाटी नवी आणि बाकी सगळं उस्मानाबादहून उरलेलं. आमच्या कार्यालयात खुर्च्या कमी आणि कर्मचारी जास्त होते, त्यामुळं माणसं दौऱ्यावर उत्साहानं जात. बाल न्यायालय एका जुन्या आडत दुकानात भरायचं. तुरीचा वास भिंतीतून गेला नव्हता. कायदा म्हणतो की मुलांचं कोर्ट कोर्टासारखं दिसू नये, मुलं घाबरतात; काळा कोट नको, पोलिसांचा गणवेश नको. आमचं कोर्ट तर कशासारखंच दिसायचं नाही. हवालदार कायद्याप्रमाणे लेंगा-सदरा घालून यायचे आणि सवयीप्रमाणे खाडकन सलाम ठोकायचे. मुलं त्यालाच दचकायची.

न्यायाधीश कोकणातले होते. पन्नाशीचे, बारीक, फार नेमकं मराठी बोलणारे. मराठवाड्यात आल्यावर पहिला महिनाभर त्यांना निम्म्या साक्षी कळल्या नाहीत, आणि ज्या कळल्या त्यांवर त्यांचा विश्वास बसला नाही. ते मला जवळ बसवून घ्यायचे. "सोनकांबळेबाई, 'लई तंग करून राहिला' म्हणजे काय करून कुठे राहिला?" असं हळूच विचारायचे.

त्यात दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडायला अख्खी गावं बसली, आणि आमच्याकडं सापडलेल्या मुलांची रीघ लागली. रिमांड होममध्ये फक्त बेवारस मुलं घेतात अशी बातमी खेड्यापाड्यांत पसरली होती. तिथं दोन वेळा जेवण मिळतं हीसुद्धा पसरली होती. मग लोक आपापली मुलं सापडवून आणू लागले.

निलंग्याकडचे एक गृहस्थ आले. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात स्वच्छ धुतलेला सदरा, बोलण्यात निम्मं कानडी. सोबत चारेक वर्षांची पोरगी. बसस्टँडवर सापडली म्हणाले. पोरीचं नाक, कपाळ, कानाची पाळी, सगळं त्यांच्यासारखं. न्यायाधीशांनी विचारलं, "नाव काय हिचं?" गृहस्थ पटकन म्हणाले, "गौरी." मग त्यांच्याच लक्षात आलं आणि म्हणाले, "तिनंच सांगितलं." पोरगी तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. ते जायला उठले तेव्हा मात्र ती बोलली, "अप्पा, यावाग बर्ती?"

"काय म्हणाली?" न्यायाधीशांनी मला विचारलं.

"कधी येणार विचारतेय, साहेब."

"कुणाला?"

"ज्यांना ती सापडली, त्यांना."

साहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मुलीला ठेवून घेतलं आणि पुढची तारीख पाऊसपाण्यानंतरची दिली. ते गृहस्थ दर महिन्याला 'आपल्याला सापडलेलं लेकरू बघायला' यायचे, येताना चिमूटभर खडीसाखर आणायचे. सुगी झाल्यावर येऊन पोरीला घेऊन गेले. सगळे असे आले नाहीत. काही आईबाप तारखेला आले नाहीत, त्याच्या पुढच्या तारखेलाही नाहीत, आणि ती मुलं फाटकाकडं तोंड करून बसायची. त्यांची तोंडं मला अजून आठवतात, आणि वाईट वाटतं.

सांगायचं काय, की त्या उन्हाळ्यात 'हे लेकरू माझं नाही' हे वाक्य ऐकायची आम्हाला सवय झाली होती. ते म्हणणारा माणूस मूल ठेवून जायला आलेला असतो, हे आम्ही धरून चाललो होतो. तेवढ्यात उकंडीची केस आली.

उकंडी सहा-सात वर्षांची. लातूरच्या बसस्टँडवर एका गाठोड्यावर बसली होती. तिच्याजवळ बराच वेळ कुणी आलं नाही म्हणून हवालदार गेले. त्यांनी नाव विचारलं. पोरगी ठसक्यात म्हणाली, "उकंडी."

"माय कुठाय तुझी?"

"मला उकंड्यावर टाकलं व्हतं."

"आन् मंग?"

"मंग इकलं. सूपभर ज्वारीला." आणि सूप केवढं होतं ते तिनं दोन्ही हात पसरून दाखवलं. तिला त्या किमतीचा अभिमान होता.

हवालदारांनी तिला गाठोड्यासकट उचललं. तासाभरात दोन बाया ठाण्यावर रडत आल्या. एक शेवंताबाई, उंच, आवाजानं दणदणीत. दुसरी गयाबाई, तिच्या पदराआड उभी राहणारी. दोघी अहमदपूरच्या पुढच्या एका वाडीतल्या, शेजारणी. वाडीजवळचं रस्त्याचं काम बंद पडलं म्हणून लातूरला बांधकामावर काम मिळतं का बघायला आल्या होत्या. गया मुकादमाला गाठायला गेली, शेवंता घागर घेऊन नळाला, आणि नळावर ही रांग. परत येऊन बघतात तर गाठोडंही नाही आणि पोरगीही नाही.

हवालदारांनी विचारलं, "लेकरू कुनाचं?"

शेवंता म्हणाली, "मपलं."

"तू जन्म दिला?"

"न्हाई. म्या इकत घेतलं."

"कुनाकडून?"

"हिच्याकडून की." शेवंतानं गयाकडं बोट केलं.

हवालदारांनी गयाला विचारलं, तर ती म्हणाली, "मपली न्हाई ती." एवढा आयता कबुलीजबाब हातात पडल्यावर कुठलाही हवालदार जे करील तेच त्यांनी केलं. शब्दन् शब्द लिहून घेतला. पोरगी आमच्याकडं आली आणि बाया वाडीला परत गेल्या.

तो कागद वाचून न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सोनकांबळेबाई, इथे माणसं विकतात?"

"साहेब, उकंडा म्हणजे उकिरडा."

"ते मला समजलं. विकण्याआधी उकिरड्यावर टाकलं, हे काही मला धीर देणारं नाही."

"साहेब, माझ्या सख्ख्या मामांचं नाव उकंडा आहे."

"म्हणजे तेही विकले गेले होते?"

"हो, शेजारच्या काकूंना. पुढं तलाठी झाले."

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला आणि म्हणाले, "सांगा."

मग मी सांगितलं. एखाद्या बाईची लेकरं पाठोपाठ दगावली, की पुढचं जन्मलं रे जन्मलं त्याला उकंड्यावर लोळवायचं. शेजारणीनं ते उचलायचं, सूपभर ज्वारी देऊन विकत घ्यायचं. त्याला उकंडा, दगडू, कचरू असलं काही नाव ठेवायचं. आईनं त्याला दूध पाजावं, न्हाऊमाखू घालावं, पण चारचौघांत काय, एकटीनंसुद्धा त्याला आपलं म्हणायचं नाही. म्हणजे जे लेकरं नेतं, त्याला वाटतं की ही टाकाऊ वस्तू आहे, ही कुणाचीच नाही, आणि ते पुढच्या घरी जातं. आमच्या घरात धम्म घेतल्यावर नवस, उतारे, लिंबू-मिरच्या सगळं बंद झालं. माझे वडील शिक्षक होते, त्यांनी आपल्या या धाकट्या मेव्हण्याचं नाव शाळेत उत्तम लावलं. घरात आम्ही उकंडामामाच म्हणतो आणि ते ओ देतात.

"मग हे सोपं आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही घर पाहून या. सुनावणीला आई 'मुलगी माझी आहे' म्हणेल, आपण ताबा देऊ."

मलाही सोपं वाटलं. मी वाडीला गेले.

घर बघायला जायचं म्हणजे काय बघायचं, हे लोक विचारतात. स्वयंपाकघर मी शेवटी बघायची, कारण सरकारी बाई येणार म्हटल्यावर लोक शेजारचे डबे आणून मांडतात. शेजाऱ्यांच्या बोलण्यावर विसंबायचं नाही, ते प्रेमापोटीही खोटं बोलतात आणि भांडणापोटीही. मी साधे प्रश्न विचारायची. लेकरू कुठल्या कुशीवर झोपतं, अंधाराला भितं का, काय खात नाही. मुलाला काय आवडतं ते कुणीही सांगतं. काय आवडत नाही ते वाढणाऱ्यालाच ठाऊक असतं.

शेवंताची एक खोली होती. नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नाही, खडी फोडून राहणारी बाई. तिनं मला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. त्या दिवसांत पाणी देणं मोठी गोष्ट होती. मी विचारलं, "उकंडी काय खात नाही?"

"समदं खाती," शेवंता म्हणाली.

भिंतीपलीकडून आवाज आला, "शेपू खात न्हाई."

शेवंता भिंतीवर ओरडली, "कवाचा शेपू आनलास गं, दुष्काळात?"

"आनला तरी खात न्हाई," भिंत म्हणाली.

मी पलीकडं गेले. गयाचं घरही एकाच खोलीचं. नवरा ऊसतोडीला गेला तो तिकडंच राहिला होता. खोलीत अंथरूण एकच, आणि त्याच्या उशाशी छोटी चिंध्यांची बाहुली. मी म्हटलं, "गयाबाई, ही बाहुली कुणाची?"

"शेजारच्या पोरीची. ऱ्हाती पडून हितं."

"उकंडीच्या आधी किती?"

शेवंता मागून आली होती, ती म्हणाली, "तीन गेली बाई. एक तर चालाय लागलं व्हतं." गया उठून चुलीपाशी गेली आणि विझलेली चूल फुंकत बसली.

मी तिला समजावून सांगितलं. कोर्टात साहेब विचारतील, मुलगी तुमची का. तुम्ही फक्त हो म्हणायचं. कुणी वाईट नाही, कुणी बाहेर सांगणार नाही. ती ऐकत होती, मान हलवत होती. परत येताना मी खुशीत होते. मान हलवणं आणि कबूल करणं यात फरक असतो हे एवढी वर्षं नोकरी करून मला कळायला हवं होतं.

सुनावणीच्या दिवशी दोघी धुतलेली लुगडी नेसून आल्या. आमच्या निरीक्षणगृहाच्या अधीक्षकबाई उकंडीला घेऊन आल्या. पोरीचे केस तेल लावून विंचरलेले, गाल थोडे वर आलेले. ती आल्या आल्या शेवंताला बिलगली आणि गयाकडं बघून हसली.

न्यायाधीशांनी गयाला जवळ बोलावलं. ते त्या दिवशी फार हळू बोलत होते. "ही मुलगी तुमची आहे ना?"

"न्हाई," गया म्हणाली.

"हे पाहा, तुमची रीत मला कळली आहे. इथं फक्त आम्ही आहोत. एकदा माझी म्हणा आणि मुलीला घेऊन जा."

"न्हाई साहेब."

"बरं, म्हणू नका. नुसती मान हलवा."

गयानं मान अशी ताठ धरली की मानेच्या शिरा दिसू लागल्या. चुकूनही हलू नये म्हणून.

अधीक्षकबाई चांगल्या होत्या, मुलांवर जीव लावणाऱ्या. त्या उठून म्हणाल्या, "साहेब, आई मुलगी नाकारते आहे. घरात अन्न नाही, पाणी नाही, बाप नाही. ही पोर आली तेव्हा हाडं मोजून घ्यावीत अशी होती. आता जरा अंगानं भरते आहे. हिला माझ्याकडंच राहू द्या." त्यांचं काही चुकत नव्हतं. हे मी तेव्हाही मनात मान्य केलं आणि आजही करते.

गयानं त्यांच्याकडं वळून विचारलं, "तुमच्याकडं ऱ्हायली तर जगंल का हो बाई?"

"जगेल की. दोन वेळा जेवण आहे, दवाखाना आहे, शाळा आहे."

गयानं पोरीकडं बघितलं नाही. म्हणाली, "मंग ठिवा."

त्या उन्हाळ्यात मी पुष्कळ बायांना लेकरू ठेवून जाताना बघितलं होतं, पण अशी एकही नाही. एक शब्द बोलली असती तर ती पोरीला घेऊन गेली असती. तो शब्द बोलला तर पोरगी मरेल, असं तिला वाटत होतं. आम्ही तिला सगळे मिळून तोच बोल म्हणत होतो.

मग शेवंता उसळली. "ठिवा म्हनं. तू कोन ठिवणारी? इकत म्या घेतलिया. साहेब, मला कामून इचारना तुमी? लेकरू मपलं हाय. तिच्या न्हाई म्हनन्याला काय किंमत?"

न्यायाधीश म्हणाले, "बाई, तुम्ही विकत घेतलं म्हणून मी मुलगी तुम्हाला दिली, तर न्यायालयानं सूपभर ज्वारीला माणूस विकल्याचं मान्य केलं असं होईल."

"मंग ज्वारी परत दे म्हनावं का तिला? कुठून देती ती, घरात दाना न्हाई."

साहेबांनी कपाळावर हात ठेवला. मी खाली बघत होते, कारण मला हसू येत होतं आणि रडूही. थोड्या वेळानं त्यांनी उकंडीला बोलावलं, टेबलाशी उभं केलं.

"तू माय कुणाला म्हणतेस?"

तिनं शेवंताकडं बोट केलं.

"जेवतेस कुठं?"

"गयाकाकूकडं."

"झोपतेस?"

"गयाकाकूकडं."

"आणि मारतं कोण तुला?"

"गयाकाकू." पोरीला हा प्रश्न आवडला असावा, ती खुलून सांगू लागली. "माय न्हाई मारत. माय म्हन्ती, थांब, गयाकाकूला सांगती."

हवालदार आधी हसले, मग अधीक्षकबाई. त्या हसल्या आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले. गया मात्र खाली मान घालून पुटपुटली, "लई मारत न्हाई."

न्यायाधीशांनी मला विचारलं, "सोनकांबळेबाई, 'मपली' हा शब्द तुमच्याकडे 'माझी'पेक्षा वेगळा आहे का?"

मी म्हटलं, "साहेब, माझी म्हणजे माझी. मपली म्हणजे माझी, आणि दुसऱ्या कुणाची नाही."

कायद्यात एक तरतूद आहे. आईबापांखेरीज दुसऱ्या कुणाकडे मूल सोपवायचं असेल तर त्या माणसाला 'योग्य व्यक्ती' म्हणतात. योग्य व्यक्तीनं हमी द्यायची, परिविक्षा अधिकाऱ्यानं अधूनमधून जाऊन बघायचं. सहसा हा मान शिक्षकांना, संस्थांना, खाऊनपिऊन सुखी मामा-काकांना मिळायचा. साहेबांनी विचारलं, "शेवंताबाई योग्य आहेत का? तुम्ही घर पाहिलंय."

मी म्हटलं, "साहेब, ही बाई योग्य आहे. शिवाय हिच्या भिंतीपलीकडं स्वयंपाकीण, दाई आणि मारणारी मिळून एक बाई फुकट आहे."

"ते अहवालात असं लिहू नका," साहेब म्हणाले.

हुकूम झाला. मुलगी योग्य व्यक्ती म्हणून शेवंताबाईंच्या ताब्यात, देखरेख माझी, आणि दोघींना रोजगार हमीचं काम मिळावं म्हणून तहसीलला पत्र. अधीक्षकबाईंनी पोरीला दोन फ्रॉक बांधून दिले. फक्त एक अडचण उरली. हुकूम पक्षकारांना वाचून दाखवावा लागतो, आणि कारकून मोठ्या आवाजात सुरू झाला, "कुमारी उकंडी, जन्मदात्री आई गया..." गयानं दोन्ही हातांनी कान झाकले आणि ती दाराकडं धावली.

साहेब म्हणाले, "थांबा. मनातल्या मनात वाचा."

कारकून म्हणाला, "साहेब, वाचून दाखवायचं असतं."

"दाखवा की. मनातल्या मनात वाचून दाखवा."

मग कारकून उभा राहिला, ओठ न हलवता त्यानं तो सगळा हुकूम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि आम्ही सगळे गप्प उभे राहून ऐकत होतो. माझ्या अख्ख्या नोकरीत असा वाचून दाखवलेला हा एकच हुकूम.

पुढं देखरेखीसाठी मी वाडीला जात राहिले. एस.टी.तून उतरले की ओढ्यात खेळणारी पोरं "रिमांडबाई आल्या" म्हणून बोंब ठोकायची. ती बोंब माझ्यापेक्षा आधी पोचायची. मी शेवंताच्या दारात जाईपर्यंत उकंडी तिथं मांडी घालून बसलेली असायची, धाप लागलेली, हातात पलीकडच्या घरची अर्धी भाकरी. शेवंता म्हणायची, "बसा बाई, सकाळपून हितंच हाय." भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज यायचा, पण माणूस असल्याचा आवाज यायचा नाही. एकदा घाईत पोरगी आली आणि तिच्या मागोमाग गयाचं मांजरही आलं. मी अहवालात दर वेळी लिहायची, 'मुलगी योग्य व्यक्तीकडे सुखरूप आहे.' हे खोटं नव्हतं. अख्खी वाडी मिळून सरकारला फसवत होती आणि सरकार गुळाचा खडा खात फसत होतं.

दुष्काळ सरला. पोरगी शाळेत जाऊ लागली, उंच झाली, मला बघून पळायची बंद झाली. देखरेखीची मुदत संपली त्या शेवटच्या भेटीत गयाबाई मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी मोजकंच बोलली होती. गाडीला वेळ होता. मी तिला चिडवलं, "गयाबाई, आता केस नाही, कोर्ट नाही, मीसुद्धा येणार नाही. आता तरी एकदा म्हणा की, मुलगी कुणाची."

ती हसली. मग तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. कुणी नव्हतं. "बाई, कान करा हिकडं," म्हणाली.

मी वाकले. तिचं तोंड माझ्या कानाशी आलं, मशेरीचा वास आला. ती मपली म्हणाली नाही. तिनं एक नाव सांगितलं.

"ही जल्मली तवा म्या ठिवलेलं नाव," ती म्हणाली. "हिच्या बापाला ठाव न्हाई, शेवंताला न्हाई, हिलाबी न्हाई. तुमी हितं येऊन येऊन तिला राखली, म्हून तुमाला सांगितलं."

"मग त्या नावानं हाक कधी मारता?"

"मनात मारती. रोज."

गाडी आली आणि मी बसले. वाटभर मी रडत होते आणि कंडक्टर मला कुणी गेलं का म्हणून विचारत होता.

उकंडी आता अंगणवाडीत मदतनीस आहे, दोन लेकरांची आई आहे, तब्येतीनं खणखणीत आहे. गयाबाई म्हातारी झाली, पण आहे. नाव फार चांगलं आहे. हा लेख लिहिताना मी ते एकदा लिहिलंही होतं, मग खोडलं. नजर, नवस, उतारा यांवर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्या वडिलांचा नव्हता आणि मुलांचाही नाही. पण छापलेला अंक कुठं कुठं जातो आणि कोण कोण वाचतं, सांगता येत नाही. म्हणून ते नाव मी इथं लिहीत नाही.